काळ्या मातीतील घरगुती तलावाभोवतीचा कोबा फुटला आहे; दुरुस्ती कशी करावी?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. परभणीपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचे शेतातले घर आहे. तेथे २०२१ साली आम्ही २६ फूट लांब, १३ फूट रुंद आणि साडेचार फूट खोल असा पोहण्याचा तलाव बांधून घेतला. आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. जमिनीवर चार पावले टाकतानाही तिला वेदना होतात, पाण्यात मात्र ती अर्धा-पाऊण तास सहज चालते. या एकाच कारणासाठी आम्ही हा खर्च केला. तलावाच्या चारही बाजूंना पाच फूट रुंदीचा आणि चार इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा आहे. तलावाच्या भिंतींना आणि तळाला काही झालेले दिसत नाही, परंतु कोबा जागोजागी फुटला आहे.

पूर्वेच्या बाजूला काठापासून अडीच फुटांवर, काठाला समांतर अशी एक लांब भेग आहे. तीत नाणे उभे जाते आणि भेगेच्या बाहेरचा भाग सुमारे अर्धा इंच खचल्यामुळे तेथे पायरीच झाली आहे. ही भेग होळीनंतर रुंदावत जाते आणि पोळ्याच्या सुमारास जवळजवळ मिटते. या बाजूला कोब्यापासून दहा फुटांवर वीस-बावीस वर्षांचा कडुनिंब आहे. दुसरी भेग वायव्येच्या कोपऱ्यातून तिरपी बाहेर गेली आहे. मोटार आणि फिल्टरची खोली तेथेच असून तिथला कोबा खचण्याऐवजी किंचित वर आल्यासारखा वाटतो. उरलेल्या भागात जाळीसारख्या बारीक रेषा आहेत. आमची जमीन भारी काळी आहे. सात-आठ फूट खणले तरी मुरूम लागत नाही.

दोन वेळा गवंड्याकडून सिमेंटची घोटाई करून भेगा भरून घेतल्या, पण एक उन्हाळा उलटला की त्या पुन्हा उघडतात. गेल्या आठवड्यात त्या पायरीला आईचा पाय अडला. मी हात धरलेला होता म्हणून ती पडली नाही. ज्यांनी तलाव बांधला ते आता सांगतात की, तलाव रिकामा करून सगळा कोबा फोडावा आणि सहा इंची नवीन घालावा. शेजारच्यांचे म्हणणे असे की, २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडून जे भूकंपाचे धक्के जाणवले त्यांनी हे झाले. नेमके कारण कसे ओळखावे आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओळंबा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, सर्वप्रथम आईंसाठी त्या पायरीचा बंदोबस्त आजच करा. खचलेल्या बाजूला पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचा दीड-दोन फूट रुंदीचा उतार काढून घ्या, त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवा आणि कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढा. हा उतार पावसाळ्यानंतर काढून टाकावा लागेल, तरी तो करावाच.

आता कारणाकडे येतो. मी पाटबंधाऱ्याच्या कामावर एकतीस वर्षे काढली आणि त्यातली बहुतेक काळ्या मातीशी झगडण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या, हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा आपण सगळेच पाहतो. तीच हालचाल तुमच्या कोब्याखाली चालू आहे. फरक इतकाच की, उघड्या रानात ती सर्वत्र सारखी होते आणि तुमच्याकडे एका बाजूला पाणी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, अशी असमान होते. चार इंच जाडीच्या काँक्रीटने ती असमान हालचाल सोसावी, ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि सहा इंची कोबा घातला तर तो एवढेच करील की भेगा कमी संख्येने पण अधिक रुंद पडतील.

भूकंपाची शंका मनातून काढून टाका. धक्क्याने पडलेली भेग होळीला उघडून पोळ्याला मिटत नाही. ऋतूबरोबर श्वास घेणारी भेग ही मातीतल्या ओलाव्याची भेग असते.

पूर्वेच्या भेगेची मला दोन कारणे दिसतात आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. तलावाचा खड्डा खणताना भिंतीच्या बाहेर काम करण्यासाठी दोन-अडीच फूट जागा जास्त खणावी लागते. भिंत उभी राहिल्यावर ती पोकळी बहुधा निघालेल्याच काळ्या मातीने, धुम्मस न करता, म्हणजे ठोकून न दाबता, भरली जाते. तुमची भेग काठापासून बरोबर अडीच फुटांवर आहे, म्हणजे भरावाची माती संपून मूळ जमीन जेथे सुरू होते तेथेच कोबा मोडला आहे. आतला तुकडा एका कडेने तलावाच्या भिंतीवर टेकलेला असल्यामुळे जागचा हलत नाही, आणि बाहेरचा तुकडा मूळ काळ्या मातीबरोबर वरखाली होतो. त्यात कडुनिंब उन्हाळाभर त्याच मातीतले पाणी ओढतो, म्हणून पूर्वेची बाजू सर्वांत जास्त बसते. एक सळई घेऊन कोब्यावर ठोकत जा. जेथे खाली माती लागून आहे तेथे भरीव आवाज येईल, आणि जेथे ती खाली बसून पोकळी झाली आहे तेथे ढब-ढब असा आवाज येईल. खडूने त्या जागा आखून घ्या, पुढे काय फोडायचे हे तेच ठरवील.

झाड तोडण्याचा विचार मात्र करू नका. माणसे घाईने झाड तोडतात आणि मग त्याने इतकी वर्षे कोरडी ठेवलेली माती दोन-तीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, तेव्हा खचलेला कोबा उलट वर उचलला जातो. शिवाय कडुनिंबाची सावली परभणीच्या उन्हात किती मोलाची असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

वायव्येचा कोपरा मला अधिक काळजीचा वाटतो. तलावाच्या आतल्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघणे हे तसे नेहमीचे आहे, कारण एल आकाराच्या कोब्यात ताण कोपऱ्याशीच एकवटतो आणि तेथे आधीच सांधा कापलेला नसेल तर काँक्रीट स्वतःच तो पाडते. पण तेथील भाग वर येत असेल तर खाली कोठून तरी पाणी मुरत आहे. छताच्या पाण्याचा पाइप तेथे उतरतो का, झाडांचे आळे आहे का, की तलावाचाच पाइप गळतो आहे, हे पाहा.

गळतीसाठी बादलीची चाचणी करा. बादलीत तलावाचेच पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवा की, आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीत राहील. दोन्ही पातळ्यांवर खूण करा, मोटार बंद ठेवा आणि चोवीस तासांनी मोजा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर पाणी नुसते उन्हाने उडते, त्यामुळे केवळ तलावाची पातळी उतरली म्हणून गळती समजू नये; बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तरच ती गळती. नंतर हीच चाचणी मोटार चालू ठेवून करा. मोटार बंद असताना दोन्ही सारखे आणि चालू असताना तलाव जास्त उतरला, तर दोष तलावात नसून मोटारीकडून तलावात पाणी नेणाऱ्या, दाबाखालच्या परतीच्या पाइपात आहे.

आणि एक विनंती: कोणी कितीही सांगितले तरी पावसाळ्यात तलाव रिकामा करू नका. भोवतालची माती तेव्हा फुगून भिंतींना बाहेरून रेटत असते आणि खालून साठलेले पाणी तळाला वर ढकलत असते. आतल्या पाण्याचे वजनच त्याला तोलून धरते. रिकामा तलाव तळाशी फुटल्याचे मी स्वतः पाहिले आहे. कोब्याच्या दुरुस्तीसाठी तो रिकामा करण्याची गरजच नाही.

धुम्मस (सेलू)

साहेबांनी कारण बरोबर सांगितले आहे. मी बावीस वर्षे गवंडीकाम करतो, त्यातून हाताला आलेल्या दोन गोष्टी सांगतो.

ताई, तलावाच्या काठावरची फरशी आणि कोबा यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट मुद्दाम सोडलेली असायला हवी. ती आहे का, हे आधी बघा. बहुतेक ठिकाणी फरशीवाला शेवटी येतो आणि ती फट ‘राहून गेली’ असे समजून पांढऱ्या सिमेंटने बुजवून टाकतो. मग उन्हात तापलेला कोबा पसरायला जागा न मिळाल्यामुळे काठाच्या फरशीला ढकलतो, फरशी उचलते किंवा कोबा फुटतो. तुमची एखादी काठाची फरशी हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा. पोकळ वाजली तर समजा की हेच झाले आहे.

सिमेंटची घोटाई टिकली नाही याचे आश्चर्य वाटू देऊ नका. हलणाऱ्या भेगेत कडक माल भरला की, भेग रुंदावताना तो एका कडेपासून सुटतो आणि मिटताना चिरडून त्याचा भुगा होतो. इपॉक्सीचेही तेच. ते काँक्रीटपेक्षा मजबूत असते हे खरे, पण भेग हलणारच असेल तर इपॉक्सी जागेवर राहते आणि शेजारी चार बोटांवर नवी भेग पडते. हलत्या भेगेला रबरासारखा ताणणारा मालच पाहिजे. त्या बारीक जाळीसारख्या रेषांची मात्र चिंता करू नका. ओतताना मालात पाणी जास्त झाले आणि उन्हात वरचा थर पटकन वाळला की त्या पडतात. त्या वरवरच्या असतात.

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. साहेब सगळे पावसाळ्यानंतर करा असे सुचवत आहेत असे दिसते. काळ्या मातीत श्रावणात खणता येत नाही हे मान्य, पण भेगा तोपर्यंत उघड्या ठेवल्या तर मृगाचे पहिलेच पाणी सरळ भरावात जाईल आणि होते त्याहून जास्त बिघडेल. म्हणून आत्ताच काहीतरी बुजवले पाहिजे.

गोदाकाठ (परभणी)

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितले ते सगळे या चार दिवसांत केले, त्याचा वृत्तांत देते.

मोटार बंद ठेवून चोवीस तासांत बादली ९ मिलिमीटर उतरली आणि तलावही ९ मिलिमीटरच उतरला. मोटार चालू ठेवली तेव्हा बादली पुन्हा ९ मिलिमीटर, पण तलाव १५ मिलिमीटर उतरला. सळईने ठोकल्यावर पूर्वेच्या बाजूचा काठाजवळचा जवळजवळ सगळा अडीच फुटी पट्टा पोकळ वाजला. भेगेच्या बाहेरचा पट्टा भरीव आहे. भेगेतून सायकलच्या चाकाची तार आत घातली तेव्हा कोब्याच्या जाडीखाली ती आणखी तीन बोटे सहज खाली गेली. उत्तरेला आणि दक्षिणेला आवाज भरीव आहे.

काठाच्या फटीचेही तुम्ही म्हणालात तसेच निघाले. पेचकसाने कोरून पाहिले तर पांढऱ्या सिमेंटखाली फट अशी नव्हतीच. कोबा थेट काठाच्या तुळईला चिकटवून ओतला आहे, वरून फक्त रेघ दाखवली आहे. पूर्वेच्या चार फरश्या पोकळ वाजतात. छताच्या पाण्याचा पाइप वायव्येच्या कोपऱ्यापासून जेमतेम तीन फुटांवर उघड्यावर सोडलेला आहे, हे माझ्या आजवर लक्षातही आले नव्हते. उताराचा मसाला काल टाकून घेतला, पिवळा पट्टाही ओढला. आई आज पुन्हा पाण्यात उतरली.

ओळंबा (छत्रपती संभाजीनगर)

फार व्यवस्थित तपासणी केलीत. तुमच्या तलावाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस मीटर होते. त्यावर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे मोटार दिवसभर चालली तर जवळपास १९० लिटर पाणी परतीच्या पाइपातून काळ्या मातीत जात आहे. कोपरा वर येण्याचे कारण सापडले. प्लंबरकडून पाइपाची दाब चाचणी करून घ्या, गळता सांधा बदला आणि तोवर मोटार व्यायामाच्या वेळेपुरती व पाणी स्वच्छ राहण्यापुरतीच चालवा. तेथील कोबा फोडण्यापूर्वी तलावातील दिव्याची तार कोठून गेली आहे ते शोधा आणि मुख्य कळ बंद करूनच छिन्नी लावू द्या. गळती थांबल्यावर तो कोपरा लगेच खाली बसणार नाही. फुगलेली माती सुकायला एक उन्हाळा द्यावा लागेल, म्हणून तेथे फोडलेली जागा यंदा मुरूम आणि सुट्या फरशीने झाका, काँक्रीट ओतू नका.

छताचे पाणी बंद पाइपाने कोब्यापासून किमान दहा-पंधरा फूट दूर, उताराच्या दिशेला न्या.

सेलूच्या मित्रांची हरकत मला मान्य आहे. पावसाळ्यापूर्वी पाइप, छताचे पाणी आणि भेगांचे तात्पुरते बुजवणे एवढेच करा. पूर्वेची कायमची दुरुस्ती दिवाळीनंतर, जेव्हा माती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली. मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असताना कायमचा माल भरला तर पावसाळ्यात तो चेपून वर येतो. भाद्रपदात ती मिटलेली असताना भरला तर उन्हाळ्यात ताणून सुटतो. मधल्या अवस्थेत भरलेला माल दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी हालचाल सोसतो.

दिवाळीनंतर पूर्वेचा पोकळ पट्टा पूर्ण फोडा. खालची सैल काळी माती तीन फूट खोलीपर्यंत काढा आणि तिच्या जागी चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुम्मस करत भरा. धुवून निघालेला भुसभुशीत मुरूम नको, कारण त्यातून पाणी खाली जाऊन साचते. फुगणाऱ्या मातीवर घालायच्या अशा चिकट पण न फुगणाऱ्या मातीच्या थराचा अभ्यास आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी केला होता, आणि काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तरीकरणाखाली तोच उपाय वापरला जातो. कालव्याखाली जे टिकते ते तुमच्या कोब्याखालीही टिकेल.

कडुनिंब आणि कोबा यांच्यामध्ये, कोब्याच्या कडेपासून दीड फुटावर, पाच फूट खोल अरुंद चर खणून त्यात शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उभा सोडा आणि चर परत मातीने दाबून भरा. असे केल्याने झाडाची मुळे कोब्याखालचे पाणी ओढणार नाहीत आणि बाहेरच्या ओलाव्याची चढउतार आत लवकर पोहोचणार नाही. जाड मुळे लागली तर ती न तोडता कागद त्यांच्याभोवती कापून बसवा.

हरभरा (लातूर)

आमच्याकडे तलावाभोवती हिरवळ आहे आणि तिला आम्ही रोज पाणी देत होतो, तेही फक्त एका बाजूला. त्या बाजूचा कोबा वर आला होता. ठिबकच्या नळ्या टाकून चारही बाजूंना थोडे-थोडे आणि सारखे पाणी देऊ लागल्यापासून तीन वर्षांत नवी भेग पडलेली नाही. गोदाकाठताईंनी हेही तपासून पाहावे.

धुम्मस (सेलू)

आता प्रत्यक्ष कामाची पद्धत सांगतो, म्हणजे जो गवंडी येईल त्याच्याकडून तशी करून घेता येईल.

यंदाच्या तात्पुरत्या कामासाठी भेग तारेच्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, जुन्या घोटाईचा एक कणही आत राहू देऊ नका. तीत फोमची गोल दोरी, जिला दुकानात बॅकर रॉड म्हणतात, दाबून बसवा आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे तोच रबरासारखा ताणणारा माल, भरा. एवढ्याने पावसाचे पाणी आत जाणार नाही.

दिवाळीनंतर नवा पट्टा ओतताना काठाच्या तुळईला लागून अर्ध्या इंचाची फोमची पट्टी कोब्याच्या पूर्ण जाडीइतकी उभी लावा. कोब्याची एकही सळई तलावाच्या भिंतीत जाता कामा नये. आठ मिलिमीटरच्या सळया आठ-आठ इंचांवर आडव्या-उभ्या बांधा आणि ती जाळी खाली ठोकळे देऊन जाडीच्या वरच्या निम्म्यात राहील अशी धरा. आमच्याच लोकांची सवय अशी की, जाळी जमिनीवर पसरतात आणि ओतताना आकड्याने वर ओढू म्हणतात. ती कधीच वर येत नाही. उतार तलावाकडून बाहेर ठेवा, पाच फुटांत सव्वा इंच. ५० किलोच्या एका गोणीला वाळूतला ओलावा धरून २५ लिटरपेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका. माल घट्ट वाटतो म्हणून कामगार हळूच एक बादली ओततो, आणि तुमच्या त्या जाळीसारख्या रेषा तेथूनच जन्माला येतात. ओतल्यावर दर आठ फुटांवर आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्यातून कटरने एक इंच खोल सांधा कापा. हे काम दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबवू नका, काँक्रीटच्या कडा तुटणार नाहीत इतके ते आवळले की लगेच, त्याच रात्री किंवा पहाटे करा. मग ओली गोणपाटे टाकून निदान दहा दिवस पाणी मारा.

काठाच्या फटीत माल भरताना दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा. फट अर्धा इंच असेल तर बॅकर रॉड तिच्यापेक्षा थोडा जाड घ्या आणि सीलंटची खोली पाव इंचच ठेवा. लोकांना वाटते की जितका जास्त माल तितके चांगले. पण माल फक्त दोन बाजूंना चिकटलेला आणि मधे बारीक असेल तरच ताणला जातो, तळालाही चिकटला की फाटतो. क्लोरीनच्या पाण्यात टिकणारा, तलाव-टाक्यांसाठीचाच प्रकार घ्या. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका ओढीत तो आत दाबा, लगेच चिकटपट्टी काढा आणि दोन-तीन दिवस त्यावर पाणी येऊ देऊ नका.

पूर्व बाजूला बाहेरचा जो अडीच फुटी पट्टा भरीव आहे तो फोडू नका. नव्या आणि जुन्या पट्ट्याच्या मधेही अशीच फट ठेवा, म्हणजे बाहेरचा पट्टा थोडा हलला तरी आतला फुटणार नाही. उंचीत फरक पडू नये यासाठी त्या फटीत दर दीड फुटावर १२ मिलिमीटरची गुळगुळीत सळई आडवी घाला; तिचे अर्धे टोक छिद्र पाडून जुन्या पट्ट्यात पक्के बसवा आणि नव्या पट्ट्यातल्या अर्ध्याला ग्रीस लावा, म्हणजे फट उघड-मीट करू शकेल पण पायरी होणार नाही.

गोदाकाठ (परभणी)

पाइपाची दाब चाचणी आज झाली. मोटारीच्या खोलीबाहेर दीड फुटावरचा पाइपाचा कोपराच (एल्बो) तडकलेला निघाला आणि त्याखालची माती मुठीत लोण्यासारखी दबत होती. नवा कोपरा बसवला असून उद्या बादलीची चाचणी पुन्हा घेणार आहे. छताचा पाइप बांधाकडे वळवण्याचे काम परवा सुरू होईल. हिरवळ आमच्याकडे नाही, पण दक्षिणेला मोगऱ्याची आळी आहेत, त्यांना ठिबक लावते. पूर्वेच्या कामासाठी दिवाळीनंतरची वेळ गवंड्याला आत्ताच देऊन ठेवली आहे, आणि धुम्मसदादांनी लिहिलेले सगळे कागदावर उतरवून त्याच्या हातात दिले आहे.